भरलेल्या कुर्ल्या

बादलीतल्या कुर्ल्या सकाळपासून खरवडत होत्या. त्यांचे डेंगे सुतळीनं बांधलेले होते, पण बारके पाय मोकळे, आणि पत्र्याच्या बादलीवर त्या पायांची जी खरखर चालली होती ती पार पडवीपर्यंत ऐकू येत होती. सुगंधा मागच्या दारानं आली आणि उंबऱ्यातच थांबली. चपला काढायचंही तिला सुचलं नाही.

"कुर्ल्यो हाडलंस?" तिनं विचारलं.

आणल्या तर होत्याच, आणि मला त्या मिरवायच्याही होत्या. झाकण बाजूला करून मी एक खेकडा वर उचलून दाखवला. अवसेच्या कुर्ल्या त्या, मांसानं गच्च भरलेल्या, नुसत्या वजनावरून कळावं अशा. पुनवेची कुर्ली पोकळ निघते, म्हणून आमच्या बंदरात जाणती बाई आधी पंचांग बघते आणि मग कुर्ल्या घेते. त्या महिन्यात अवस आणि रविवार एकाच दिवशी आलेले, त्यात मैत्रिणींच्या जेवणाची पाळी माझ्या घरची, त्यामुळे दोन दिवस मी हवेतच होते. सुगंधा मात्र पुढे आली नाही. भिंतीला धरून लांब सरकली आणि म्हणाली, "आधी झाकण घाल गो."

ही सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते, आता साठी गाठली. आम्ही चौघी बंदरावरच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जायचो. आठवडाभर बर्फात हात घालून परक्यांसाठी टोपल्याच्या टोपल्या सोलायच्या, त्यातली एक कोळंबी घरी यायची नाही, कारण सुटताना फाटकावर डबेसुद्धा उघडून बघत. त्याचा सूड म्हणा किंवा हौस म्हणा, महिन्यातला एक रविवार आम्ही स्वतःसाठी राखून ठेवला होता. पाळीपाळीनं एकीच्या घरी जमायचं, घरातल्या पुरुषांना आणि पोरांना वाटेला लावायचं, आणि चौघींनी मिळून हवं ते रांधून पोटभर जेवायचं. त्या दिवशी माझा नवरा एस.टी. घेऊन कोल्हापूरला गेला होता आणि मुलं मामाकडे होती.

सुगंधा माझी शेजारीण. म्हणजे घराची नव्हे, सोलायच्या टेबलाची. सहा वर्षं आम्ही कोपराला कोपर लावून उभ्या होतो. तिचा नवरा बोटीवर खलाशी, गणपती झाले की जायचा आणि पुढल्या गणपतीला उगवायचा. घरात ती आणि सासू. बोलायला कमी, पण जे बोलेल ते खरं, असा तिचा लौकिक होता आणि तो मीच सगळीकडे सांगत फिरायची.

झाकण घातल्यावर तिनं मागचं दार लोटून घेतलं.

"परभा, आज माका कुर्ली वाढू नको."

"कशाक? एकादस आसा?"

"हसू नको. हात बघ."

तिनं पोलक्याच्या बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत गांधी उठल्या होत्या, लाल, टरारलेल्या, काही ठिकाणी खाजवून सालं गेलेली. मग तिनं जे सांगितलं ते मी कांदा चिरता चिरता ऐकलं. शिमग्यापासून तिला हे सुरू झालं होतं. आधी नुसते हात खाजायचे. मग गेल्या महिन्यात शेडमध्ये कुर्ल्यांचा माल आला, त्या रात्री तिचे डोळे सुजले आणि छाती घरघरायला लागली. ती तालुक्याला डॉक्टरकडे दोनदा जाऊन आली. मासळी खा, पण कोळंबी, कुर्ली, तिसऱ्या यांना शिवू नको, आणि तोंडात तर घालूच नको, पुढच्या खेपेला घसा आतून बंद होईल, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

मला हसूच आलं. दर्यावर जन्मलेल्या बाईला कुर्ली बाधते म्हणजे सुताराला लाकूड बाधण्यातला प्रकार. असलं कधी कोणी ऐकलं नव्हतं तेव्हा. मी म्हटलं, मग शेडमध्ये कशाला मरायला येतेस, सांग कालिंदीला आणि बस घरी.

कालिंदी म्हणजे आमची मुकादमीण. आमच्या चौघींतलीच एक, पाळीच्या जेवणाला मांडी घालून बसणारी, पण शेडमध्ये पाऊल टाकलं की वेगळी बाई. माल परदेशी जायचा, म्हणून हाताला फोड किंवा खाज दिसली की त्या बाईचा एप्रन ती भर दुपारी उतरवायला लावायची. सुगंधाला तीच धास्ती होती. पावसाळ्याची बंदी लागून शेड मिटायला पंधरा दिवस उरले होते. पुढच्या हंगामाला फाटकाजवळच्या वजनकाट्यावर एक बाई घ्यायची होती. उघड्यावर बसायचं, वजनं लिहायची, मालाला हात लावायचा नाही. सुगंधा सातवी शिकलेली, हिशेबाला पक्की. ती जागा मिळाली तर तिचं काम टिकणार होतं, नाहीतर सासूबरोबर चार भिंतींत. आणि नाव पुढे करणार होती कालिंदी.

"आजारी बायलेचा नाव ती कशाक घालीत?" सुगंधा म्हणाली. "पंधरा दिवस काढूचे आसत. गेल्या पाळीक मी येवक नाय, आज पण इलंय नसतंय तर तिका संशय इलो असतो. तू फक्त ताटाचा बघ. आणि ह्या कोणाक सांगू नको, घोवाक पण नाय. तुका एकटीक सांगलंय."

मी तिला शब्द दिला. तुझ्यासाठी बांगड्याचा तिखला वेगळा टाकते, वाढायला मीच आहे, कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं म्हणून मी तिला मागल्या अंगणात विहिरीच्या कठड्यावर बसवलं आणि नारळ खवायला दिले. मला स्वतःचं कौतुकही वाटलं. दुसऱ्याचं गुपित पदरात असलं की बाईला आपण फार मोठ्या झाल्यासारखं वाटतं.

अकराच्या सुमारास कालिंदी आणि जयू आल्या. जयू आमच्यात सगळ्यात लहान, तेविशीची, मनानं चांगली पण तोंडाला दार नाही. कालिंदीनं पदर खोचला आणि एकेक कुर्ली फोडायला घेतली. जयूनं बारके पाय पाट्यावर ठेचले, पाणी घालून त्याचा रस गाळला, कारण तो रश्श्यात पडल्याशिवाय कुर्लीच्या रश्श्याला चव येत नाही. मी खोबरं भाजत होते. घरभर वास सुटला, असा की रस्त्यावरून जाणारा माणूस दारापाशी चाल मंद करील. आणि तिकडे विहिरीवर बसलेली सुगंधा पदर नाकाला लावून तोंड वळवून बसली होती.

मला त्यामागचं कारण ठाऊक होतं. जयूला ठाऊक नव्हतं. ती खिडकीतून बघत राहिली, मग माझ्याजवळ सरकून खालच्या आवाजात म्हणाली की सुगंधा हल्ली शेडमध्येही डबा नीट खात नाही. गेल्या महिन्यात बर्फाच्या ट्रकातून दोनदा तालुक्याला गेली, आणि ज्या डॉक्टरकडे गेली त्याच्याकडे म्हणे सगळी बायकांचीच रांग असते. मी तिला झापलं. तुझ्या जिभेला हाड नाही, खोबरं ढवळ म्हटलं. तिनं ढवळलं. ट्रकातून तालुक्याला जाण्यात काही विशेष नव्हतं, एस.टी. दिवसातून दोनच, आम्ही सगळ्याच कधी ना कधी त्या ट्रकातून गेलो होतो.

पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मी तोपात चमचा फिरवत होते आणि डोकं भलतीकडे. सुगंधानं मला डॉक्टरचा कागद दाखवला नव्हता. गांधी काय, सुरवंट लागूनही उठतात. सहा वर्षं एका टेबलाला उभ्या राहिलो, आणि शिमग्यापासून हे चाललंय ते मला आज सांगते, तेही ताटात कुर्ली पडायची वेळ आली तेव्हा. मी स्वभावानं संशयी नाही, असं मी आयुष्यभर सांगत आलेय. त्या दिवशी माझी चूल धड पेटेना, मीठ घातलं की नाही ते आठवेना, सोलकढीत लसूण दोनदा ठेचून पडली. तीनदा मी काहीतरी निमित्त काढून मागच्या दारी जाऊन आले. सुगंधा मुकाट्यानं नारळ खवत होती. प्रत्येक वेळी तिनं मान वर करून मला विचारलं, झालं का गं, आणि प्रत्येक वेळी मी होतंय म्हटलं.

एक वाजता पानं मांडली. माजघरात चार पाट, मधे कुर्ल्यांचा तोप, वडे, भात, सोलकढी. बांगड्याचा तिखला मी छोट्या भांड्यात केला होता. सगळं मीच वाढलं. कालिंदीच्या आणि जयूच्या ताटात दोन-दोन कुर्ल्या, माझ्या ताटात एक, आणि सुगंधाच्या ताटात दोन बांगडे. तिनं हळूच माझ्याकडे बघून मान हलवली.

पहिले चार घास कोणी बोललं नाही, आमच्याकडे तीच स्वयंपाकाची पावती. मग कालिंदीनं डेंगा दाताखाली फोडता फोडता विचारलं, "सुगंधाच्या ताटात कुर्ली खंय?"

"तिचा पोट बरा नाय," मी म्हटलं.

इतकी खोटी बोलणारी मी, आणि इतकं भिकार कारण सुचावं. तिखला मीच केलेला, हिरवी मिरची आणि तिरफळं घालून झणझणीत. पोट बिघडलेल्या बाईनं त्याच्यापासून चार हात लांब राहावं, आणि सुगंधा तर त्याचा दुसरा बांगडा खात होती. जयूच्या डोळ्यांतून ते कसं सुटणार?

"पोट बरा नाय, आणि तिखला बरा चालता?" ती म्हणाली. ती हसत होती. मनात काही धरून नव्हतं त्या पोरीच्या, आजही मी ते शपथेवर सांगेन. जिभेवर आलं ते बाहेर पडलं, इतकंच. "कुर्ली नको, सोलकडी तीन वाट्यो, फोडणीचो वास सोसना नाय. काय गो सुगंधा, पाळणो हलतलो काय?"

आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुर्ली उष्ण, पोटुशी बाई ती खात नाही. जेवायला बसलेल्या सुनेनं कुर्ली बाजूला सारली की सासू काही न विचारता ओटीचे दिवस मोजायला लागते. त्यामुळे पंगतीत कोणी कुर्ली नाकारली की हा विनोद होणारच. तो मीही शंभरदा केला असेल. लग्नाआधी एकदा ताप आला म्हणून मी कुर्ली नको म्हटलं होतं तर माझ्या आजीनं भर पंगतीत तो माझ्यावरच केला होता आणि सगळे लोळून हसले होते.

आम्हीही हसायला सुरुवात केली. कालिंदीच्या तोंडून अर्धं हसू बाहेर पडलंसुद्धा. आणि मग ते तिथंच अडकलं, कारण हसता हसता चौघींनीही एकच हिशेब केला. सुगंधाचा नवरा गणपतीनंतर बोटीवर गेला होता, आणि आता मे उजाडला होता.

जयूचा चेहरा एवढासा झाला. आपण काय बोललो ते तिला कळलं होतं आणि ते परत घेण्यासाठी काय बोलावं ते कळत नव्हतं. कालिंदी भात कालवत राहिली, पुन्हा पुन्हा तोच घास. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. सुगंधा माझ्याकडे बघत होती.

मी एक वाक्य बोलायला हवं होतं. अगं तिला कुर्ली बाधते, अंगावर उठतं तिच्या. संपलं असतं. पण समोर कालिंदी बसली होती, आणि ते वाक्य तिच्या कानावर पडलं की वजनकाट्याची जागा गेली, कदाचित उरलेले पंधरा दिवसही गेले. मी शब्द दिलेला होता. दुसरी एखादी थापही मारता आली असती. नवस बोललीय म्हणावं, शिंकाळ्यावरून पाल पडली म्हणावं, काहीही. एरवी मला थापा मारायला वेळ लागत नाही. त्या वेळी मी घास हातात धरून नुसती बसून राहिले.

"पाळणो कसलो गो?" सुगंधा शांतपणे म्हणाली. "हाड तो तोप हडे."

तिनं स्वतःच हात लांब करून तोप ओढला. त्यातली सगळ्यात मोठी कुर्ली निवडली, डेंगा मोडला, दातांनी फोडला आणि आतलं मांस चोखून खाल्लं. मग दुसरा डेंगा. मग कवच उघडून आतली पिवळी लाख बोटानं पुसून घेतली, भातात कालवली आणि खाल्ली. आम्ही तिघी बघत होतो. बोटं चाटून ती म्हणाली, "रस्सो बरो झालो, परभा." आणि तिनं दुसरी कुर्ली घेतली.

जयूच्या जिवात जीव आला. ती एकदम दुप्पट बोलायला लागली, शेडमधल्या गमती, कुणाच्या लग्नातला घोटाळा, काय वाटेल ते. कालिंदी हसली, नीट, पूर्ण. मीसुद्धा हसले. खरं सांगते, माझ्या छातीवरचा दगड उतरला. दुसऱ्यांदा भात वाढला तेव्हा मी अगदी मोकळी झाले होते. बाधत नाही म्हणजे, असं माझ्या मनात येऊन गेलं. उगाच घाबरवलं डॉक्टरनं.

सोलकढीची वाटी सुगंधानं ओठाला लावली आणि तशीच खाली ठेवली. मी बघितलं तर तिचा खालचा ओठ फुगला होता, मग वरचा. तिनं गळ्याला हात लावला. "पाणी" म्हणायला गेली तर आवाज भलताच आला, चिरका, कुठून तरी खोलातून. मानेवर लाल पट्टे चढत होते, बघता बघता चढत होते. ती उठली आणि दोन पावलांवर भिंतीला टेकून खाली बसली.

पुढचं सगळं कालिंदीनं केलं. खरकट्या हातानं ती रस्त्यावर धावली आणि मासळी उतरवून परत चाललेला टेंपो तिनं आडवं उभं राहून थांबवला. सुगंधाचं डोकं मांडीवर घेऊन ती मागच्या हौद्यात बसली, ओल्या टोपल्यांमधे, आणि चार मैल तिच्या गालावर चापट्या मारत तिला जागं ठेवत राहिली. मी पाय धरून बसले होते. जयू पुढे ड्रायव्हरशेजारी बसून रडत होती. सुगंधाचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. एका वळणावर ती शिट्टी थांबली. किती वेळ थांबली ते मला माहीत नाही, पण मी तेवढ्यात सगळ्या देवांना काय काय कबूल केलं ते अजून फेडतेय.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं दारातच बघून ओळखलं आणि तिच्या मांडीत सुई टोचली. अर्ध्या तासानं दुसरी. चारच्या सुमारास तिच्या छातीतली घरघर बसली आणि ओठांचा आकार परत आला. तेव्हा डॉक्टर कागद घेऊन आमच्यासमोर उभा राहिला. चांगलाच तापला होता.

"ही पहिली वेळ नाही," तो म्हणाला. "हातावर जुन्या खुणा आहेत. यांना आधी त्रास होत होता हे तुमच्यापैकी कुणाला माहीत होतं? अशा बाईला खेकडा खायला दिलाच कसा?"

खाटेवरून सुगंधाचा आवाज आला, फाटका, पण ऐकू येण्याइतका.

"कोणाक कायएक म्हायत नव्हता, डाक्टर. मी सांगूक नाय."

बाहेर बाकावर मी कालिंदीशेजारी बसले. तिच्या हाताला अजून रस्सा वाळलेला होता. माझ्याकडे न बघता ती बोलायला लागली.

"दोन म्हयने ती हातमोजे घालून सोलता. माका काय दिसना नाय? काट्यासाठी मी तिचाच नाव दिलंय, गेल्या आठवड्यात. भायर वाऱ्याक बसात, हात बरे होतीत म्हणान. पण खाल्ल्यान असा होता, ह्या माका काय म्हायत? म्हायत असता तर तिच्या हातातली कुर्ली फेकून दिली नसती?"

मी मान डोलावली. हातमोजे मीही रोज शेजारून बघत होते, बर्फासाठी असतील म्हणून सोडून दिलं होतं. ज्या भीतीनं मी गप्प बसले असं स्वतःला सांगत होते, ती भीतीच खोटी निघाली. घरी येऊन मी ताटं उचलली. उरलेल्या कुर्ल्या परसात खड्डा करून पुरल्या, मांजरालाही दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मऊ भाताची पेज घेऊन मी सुगंधाकडे गेले. ती पडवीत खाटेवर पडली होती, डोळ्यांभोवती सूज होती. सासू तिला माझ्या स्वाधीन करून पाण्याला गेली. मी पाठ केल्यासारखं बोलायला सुरुवात केली. कालिंदी समोर होती, तुझी जागा गेली असती, मी शब्द दिला होता, मला वाटलं तू एखादा घास खाऊन सोडून देशील. जयूच्या नावानंही मी बोटं मोडली. त्या पोरीला काही कळत नाही, तिनं तोंड उघडलं नसतं तर हे घडलंच नसतं, असं म्हटलं.

सुगंधानं सगळं ऐकून घेतलं.

"जयूच्या बोलण्याचा माका कायएक वाटूक नाय," ती म्हणाली. "ता चेडू बोलताच. मी हसान सोडून दिला असता."

"मगे खाल्लंस कशाक?"

तिनं वाटी माझ्या हातातून घेतली आणि मांडीवर ठेवली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"जयू ताटात बघीत होती. कालिंदी ताटात बघीत होती. दोघींक लाज वाटली. आणि तू माझ्या पोटाकडे बघीत होतंस."

मी पेजेच्या भांड्यावर झाकण घातलं.

"त्यांका म्हायत नव्हता, परभा," ती म्हणाली. "तुका तर मी सगळा सांगलेला."

बघितलं होतं मी. कालिंदीसाठी गप्प बसले नव्हते, दिलेल्या शब्दासाठीही नव्हे. मागच्या दारी तीनदा गेले तेव्हाही मी तेच बघायला गेले होते, आणि जयूचा विनोद झाल्यावर मला फक्त एवढंच हवं होतं की सुगंधा कुर्ली उचलते की नाही ते कळावं. तिच्या जिवाचा प्रश्न होता आणि मी तिची परीक्षा घेत होते.

पुढच्या हंगामाला ती वजनकाट्यावर बसली. आमची पाळीची जेवणंही सुरू राहिली, पुढे अकरा वर्षं, शेड बंद पडेपर्यंत. कालिंदीच्या घरी जेवायला बसली की सुगंधा आधी विचारायची, यात काय काय आहे गं, कुर्लीचा चमचा याला लागला नाही ना. जयूच्या घरी तर भांडं हुंगून बघायची आणि जयूही निमूट बघू द्यायची. माझ्या घरी मात्र ती कधीच काही विचारायची नाही; मला तिनं एकदा सगळं सांगितलेलं होतं. मी वाढायची आणि ती जेवायची.